ज्ञानू मिस्त्रींचा कच्चा जोड

बातमी शाळेत आली. मधली सुट्टी संपत आली होती आणि गंगावेशीत राहणारे आमचे शिपाई दारात येऊन म्हणाले, "बाई, ज्ञानू मिस्त्री गेले. सकाळी." मी हातातला डबा तसाच मिटला. माझ्या मनात आधी दुःख आलं नाही, संशय आला. हे लिहायला हरकत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांना ते लगेच पटलं असतं. आदल्याच आठवड्यात मी त्यांना भेटून आले होते. खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, बोलताना दम लागत होता, तरी डॉक्टरांनी दिलेली गोळी दोन बोटांत धरून उजेडाकडे करून बघत होते. "मागच्या टायमाला ही गुलाबी हुती. आता पांढरी दिलीया. का बदलली ते इचारून या की जरा." मी जवळच्या दवाखान्यात जाऊन विचारून आले. औषध तेच होतं, फक्त कंपनी वेगळी होती. तसं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि गोळी उशीखाली सरकवली... ती त्यांनी नंतर घेतली की नाही, मला आजही ठाऊक नाही.

ज्ञानू मिस्त्री जुन्या फर्निचरचे पाय दुरुस्त करत. सुतार कोल्हापुरात पुष्कळ होते, पण हे काम करणारे थोडे. जुन्या इनामदार-वकिलांच्या घरांत शिसवी खुर्च्या आणि कोरीव पायांची टेबलं असायची. पिढ्यान् पिढ्या वापरून, उन्हाळ्यात तापून आणि पावसाळ्यात फुगून त्यांच्या पायांना उभ्या चिरा पडत. दुसरा कुणी सुतार असता तर तो पाय कापून नवा बसवून मोकळा झाला असता. मिस्त्री तोच पाय वाचवायचे. चिरेतला जुना वाळलेला सरस, म्हणजे सुतारी डिंक, गरम पाण्याने काढायचा, लाकूड झिजलं असेल तिथं त्याच जातीच्या लाकडाची पट्टी बसवायची, वर कढत सरस सोडायचा आणि दोरीचे पीळ देऊन पाय घट्ट आवळून ठेवायचा. मग तो वाळेपर्यंत गिऱ्हाइकानं कितीही हेलपाटे घातले तरी दोरी सुटायची नाही. दुकानात कुणी तुटका पाय घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कोण पडलं?" कुणी पडलं नाही म्हटलं तर विश्वास ठेवायचे नाहीत. "पाय मोडला म्हंजे कोण तरी पडलंच की. सांगत न्हाय ते येगळं."

तसा त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाला पाणी घालतो, वखारवाला ओलं लाकूड वाळलेलं म्हणून देतो, मुंबईहून जुनं सामान विकत घ्यायला येणारे गोड बोलून म्हाताऱ्यांना फसवतात, हे ते रोज म्हणत, आणि यातलं बरंचसं खरंही निघे. पण असा माणूस चुकतो तेव्हा केवढ्यानं चुकतो, ते मी सोसलेलं आहे. कारण माझी त्यांची ओळख झाली ती त्यांनी माझ्यावर घेतलेल्या संशयातूनच.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. लग्न होऊन मी नेसरीहून कोल्हापुरात आले त्याला वर्षही झालं नव्हतं. माझे सासरे वकील. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. कोर्टात जाणं त्यांनी कमी केलं होतं, पण उलटतपासणीची सवय सुटली नव्हती. बाहेरच्या सोप्यात त्यांची एक जुनी शिसवी हाताची खुर्ची होती, त्यांच्या आजोबांच्या वेळची. जेवण आणि झोप सोडली तर त्यांचा सगळा दिवस तीत जायचा. तिच्या पुढच्या डाव्या पायाला चीर गेली म्हणून ती ज्ञानू मिस्त्रींकडे दिली होती. मिस्त्री स्वतः ती परत घेऊन आले, तेव्हा आप्पांनी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, "पट्टी शिसवीचीच घातलीय ना? का बाभळीला काळं पॉलिश मारलंय?" मिस्त्रींनी उत्तरादाखल खुर्चीवर आपला पाय ठेवून सगळा भार दिला आणि निघून गेले. मला तेव्हा हसू आलं होतं. दोघं एकमेकांकडे असे बघत होते, जसे दोन पैलवान हात मिळवण्याआधी बघतात.

त्यानंतर पावसाच्या तोंडाशी मला एका शाळेतून बोलावणं आलं. माझं शिक्षण झालेलं होतं, जागा रिकामी होती. मी आप्पांची परवानगी मागितली. त्याच खुर्चीत बसून त्यांनी नाही म्हटलं, कारण न देता. मी उलट बोलले नाही, पण आत जाताना "बरं, बघू" एवढं तोंडातून गेलं आणि ते सासूबाईंनी ऐकलं. पुढच्याच दोन-तीन दिवसांत आप्पा खुर्चीत बसायला गेले आणि पाय फाकून खुर्ची डावीकडे कलली. आप्पा फरशीवर पडले, मनगट मोडलं.

मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते आले, सोप्यात उकिडवे बसले, खुर्ची उलटी केली. फुटलेल्या पायावरून बराच वेळ बोटं फिरवली. घरातले सगळे भोवती उभे होतो. आप्पा हात गळ्यात बांधून दिवाणावर बसलेले. मिस्त्री म्हणाले, "हे आपसूक गेल्यालं न्हाय. पट्टीच्या कडंनं आत कायतरी घालून उचकटलंया. कुणीतरी हातानं केलंया हे." आणि मान वर करून त्यांनी विचारलं, "ही खुर्ची रोज कोण पुसतंय?"

खुर्ची रोज मी पुसत असे.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, ती नजर काढून घेणंच मला जास्त लागलं. आप्पा काहीतरी म्हणतील असं वाटलं होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मिस्त्री खुर्ची हातगाडीवर घालून घेऊन गेले, आणि त्या दिवसापासून घर बदललं. उघड आरोप कुणी केला नाही... केला असता तर उत्तर तरी देता आलं असतं. फडकं माझ्या हातून गेलं. आप्पांचं ताट सासूबाई स्वतः वाढू लागल्या. दूध तापवायला मी उठले की त्या माझ्या आधी चुलीपाशी. हातकणंगल्याहून नणंद आली, तिच्याशी आतल्या खोलीत कुजबुज झाली, आणि नंतर ती बाहेर येऊन पाटावर बसताना पाट हाताने दाबून बसली. मीच तो मांडला होता. ह्यांना मी रडत सगळं सांगितलं. हे माझ्या बाजूचे, असं मी धरून चालले होते. ते हळूच म्हणाले, "रागाच्या भरात माणूस करतो एखादी गोष्ट. मला एकट्याला सांग. तू काही...?" पुढचं त्यांनी विचारलं नाही. त्या प्रश्नाबद्दल ह्यांनी नंतर अनेकदा माफी मागितली आहे, म्हणून इथं लिहिते.

नागपंचमीसाठी मला न्यायला नेसरीहून दादा आला. सासूबाईंनी त्याला चहा दिला, पाऊसपाण्याची चौकशी केली आणि शेवटी म्हणाल्या, "आता नेताच आहात तर ठेवून घ्या तिला. आम्ही निरोप पाठवू तेव्हा आणा." दादा शेतकरी माणूस, पण याचा अर्थ न कळण्याइतका भोळा नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो काय विचारत होता ते मला दिसत होतं, आणि माझा सख्खा भाऊसुद्धा तेच विचारत होता. मी आत जाऊन ट्रंक भरली. लग्नातलं एक लुगडं ठेवू की नेऊ, याचा विचार करत मी किती वेळ बसले कोण जाणे. ते ठेवलं तर परत येण्याची आशा, नेलं तर मीच सोडून गेले असा बोभाटा.

ट्रंक सोप्यात आणली तर दारात ज्ञानू मिस्त्री छत्री मिटत उभे. त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. मग दिवाणाशी जाऊन कानावरची पेन्सिल काढली आणि आप्पांना म्हणाले, "साहेब, जरा तुमचा चाकू द्या की. टोक काढायचं हाय."

आप्पांच्या टेबलावर शिंगाच्या मुठीचा एक छोटा चाकू नेहमी असे. पेन्सिलींना टोक ते स्वतःच काढत. आप्पा म्हणाले, "तो हरवलाय कुठंतरी."

"हरवला?" मिस्त्री म्हणाले. "कवा?"

मिस्त्री त्यांच्याकडे बघत उभे राहिले. आयुष्यभर साक्षीदारांना घाम फोडणारे आप्पा, पण त्यांनी मान खाली घातली आणि गळ्यातली पट्टी सारखी करू लागले. हे सगळ्यांच्या समोर घडलं, पण सगळ्यांचं लक्ष माझ्या ट्रंकेकडे होतं. मग मिस्त्री मागे वळले, सोप्याच्या मध्यभागी खाली बसले आणि दादालाही नीट ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "मी खुर्ची सगळी खोलून बघितली. चूक माझी हाय. वळवाची ओली हवा, सरस कच्चा ऱ्हायलावता आनि मी घाईनं आनून दिली. जोड माझाच सुटला. कुणी हात लावलेला न्हाय."

सासूबाई म्हणाल्या, "पण तुम्हीच तर म्हणालात, कुणीतरी उचकटलंय म्हणून."

"म्हनलो की. माझं नाव जाईल म्हनून म्हनलो. खोटं हुतं ते." मग ते दादाकडे वळले. "पावणं, तुमच्या बहिनीवर आळ आला आसंल तर तो माझ्या तोंडानं आलाय. सणाला न्या आनि आठ दिसांनी आनून सोडा."

दादाने मला सणाला नेलं आणि आठवड्याने आणून सोडलं. घर पुन्हा माझ्याशी बोलू लागलं. पण माझं समाधान झालं नव्हतं. मी मिस्त्रींना खुर्चीवर सगळा भार देऊन उभं राहिलेलं पाहिलं होतं. घाईनं काम देणारा माणूस तो नव्हता. मग हा आता खोटं का बोलतो? माझी कीव आली म्हणून? की ह्यालाही वाटतं की मीच केलं, आणि दयेनं झाकतो आहे? ही दुसरी शंका मला झोपू देईना. एक दिवस अंबाबाईला जाते असं सांगून मी गंगावेशीत त्यांच्या दुकानात गेले. पुढं दुकान, मागं घर. मधल्या दारात त्यांची बायको, हौसामामी, हाताला पीठ लागलेलं तशीच येऊन उभी राहिली. मिस्त्री तिला म्हणाले, "च्या टाक जा." ती गेली, पण रमतगमत.

मी सरळ विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, मी केलं?"

मिस्त्रींनी फळीवरच्या डब्यातून पात्याचं एक तुटकं टोक काढून माझ्यापुढं धरलं. नखाएवढं होतं. "चिरंत अडकलंवतं. सायबांनी पट्टी कसली घातलीया ते बघायला आत चाकू घातला. तुमी न्हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "सायबांचा माझ्यावर इश्वास न्हवता. आनि मी तरी काय केलं... आधी तुमच्यावरच गेलो."

मला इतका संताप आला की उभी होते ती खाली बसले. आप्पांना सगळं ठाऊक होतं. मी ट्रंक भरत होते तेव्हाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "मग तिथं सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर मी दारातनं भाईर पडलो आसतो. तुमाला त्याच घरात ऱ्हायाचं हाय. उघडा पडलेला म्हातारा सुनंला सुखानं जेवू देत न्हाय." ते टोक त्यांनी सरसाच्या भांड्याखालच्या निखाऱ्यांत टाकून दिलं. "आता हे तुमच्या-माझ्यात. मालकांस्नीबी बोलायचं न्हाय. मीबी हौसाला सांगनार न्हाय, तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाय." तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. मिस्त्रींचा कप तिने हातात दिला आणि माझा फळीवर ठेवला.

मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही सांगितलं ते आप्पा गेल्यावर. त्याची किंमत मात्र मिस्त्रींनी मोजली. आप्पांच्या ओळखीतल्या वकील मंडळींत बोभाटा झाला की ज्ञानूचे जोड आता टिकत नाहीत, वकिलांचं मनगट मोडलं. मोठ्या घरांतली कामं कमी झाली. पुढं कितीतरी वर्षं ते खाटा आणि दारं-खिडक्याच करत राहिले. मी एकदा हळहळले तर म्हणाले, "मी तुमच्या नावाचं केलंवतं तेच माझ्या नावाचं झालं. बसा आता, च्या घ्या." आमची खुर्ची त्यांनी पुन्हा जोडून दिली होती. आप्पा अखेरपर्यंत तीत बसले. तिच्या पायाला त्यांनी पुन्हा कधी चाकू लावला नसावा असं मला वाटतं, पण खात्रीनं सांगत नाही. खुर्ची मोडली त्याच वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी आप्पांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता मला विचारलं होतं, "त्या शाळेचं काय झालं?" मी म्हटलं, जागा अजून आहे. "मग जा." त्यांना पश्चात्ताप झाला होता, की मला सगळं कळलं आहे हा संशय आला होता, याचा उलगडा मला झालेला नाही. मी नोकरीला लागले. आप्पांची सेवाही केली. ती मनापासून केली का, हे माझं मलाच सांगता येत नाही.

मिस्त्रींना मी मामा म्हणू लागले. शाळेतून येताना आठवड्यातून एखाद्या वेळी दुकानात डोकावायचं, हे माझ्याकडून कधी सुटलं नाही. सनमायकाचे दिवस आले, लोक जुन्या खुर्च्या माळ्यावर टाकू लागले, मामांचा दमा वाढत गेला. ते जगाला शिव्या देत आणि मी ऐकत असे. हौसामामी मात्र मला कधी उलगडली नाही. तिच्या लेखी मी इतक्या वर्षांनंतरही "वकिलांच्या सूनबाई"च होते. बसा म्हणायची, चहा द्यायची, आणि मी जाईपर्यंत मधल्या दारात उभी राहायची. माणूस स्वभावानं तुटक असतो, असं मी धरलं होतं.

मामा गेल्यावर तीन-एक आठवड्यांनी मी तिच्याकडे गेले. पाहुणे पांगले होते. मामी दुकानातच फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. समोर एक लहान शिसवी खुर्ची, तिच्या मागच्या पायाला मामांनी आवळलेली दोरी तशीच. खुर्चीचा धनी दोनदा येऊन गेला, मामीने दिली नाही. "कवा सोडायची ते त्येंनी सांगितलंच न्हाय," ती म्हणाली. मी तिच्याजवळ बसले. मग ती समोर बघतच म्हणाली, "एक इचारू? आता ते न्हाईत म्हनून इचारते. त्या टायमाला तुमच्या घरी जाऊन त्येंनी जोड कच्चा म्हनून सांगितलं. त्येंचा जोड कच्चा नसतोय, मला ठावं हाय. सरस मीच शिजवलावता. मग कुनासाठी सांगितलं? त्येच्यानंतर तुमी आलासा, मला च्या टाकायला लावून दोघं बोलत बसलासा. मी इचारलं तर म्हनले, तुला काय करायचंय. जलमभर इचारलं. जलमभर तेच."

ती इतकी वर्षं कसला संशय घेत होती, ते मला कळायला वेळ लागला. आणि कळलं तेव्हा त्या सगळ्या वर्षांतला प्रत्येक चहाचा कप, फळीवर ठेवलेला, डोळ्यांपुढून गेला. मामांना मी शब्द दिला होता. पण तो शब्द ज्या म्हाताऱ्यासाठी होता तो केव्हाच गेला होता, आणि आता शब्द घेणाराही नव्हता... मी मामीला सगळं सांगितलं. आप्पांची शंका, चाकू, पात्याचं टोक, माझी भरलेली ट्रंक, दारात छत्री मिटणारे मामा. माझा नवरासुद्धा मला काय विचारत होता, तेही सांगितलं.

शेवटी मामी म्हणाली, "एवढंच व्हय?"

"एवढंच."

"आनि मला वाटलं..." ती थांबली. पदराने तोंड पुसून ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझ्या पोटात ऱ्हायलं नसतं म्हनं. इतकी वरसं हे पोटात ठेवलं ते कुनी?" ती त्यांना बोलत होती. मी बाजूला सरकले.

थोड्या वेळाने ती उठली. खुर्चीपाशी बसून दोरीचा पीळ उलटा फिरवत सोडवला, शेवटची गाठ सुटेना तेव्हा दातांनी ओढली. दोरी निघाल्यावर पायाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला, नखाने टोकरून पाहिलं. मग खुर्ची सरळ केली, आधी एका हाताने दाबली, मग दोन्ही हातांनी, आणि हळूहळू तीत बसली. मागं रेलली, डावीकडे कलली, उजवीकडे कलली. खुर्ची हलली नाही. मामी तशीच बसून राहिली, डोळे मिटून. मग उठून तिने खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"पक्का हाय," ती म्हणाली. "बस तू. मी च्या टाकते."